घाटात बँकर लावला की संगणकाचा संपर्क का तुटतो? एचओ लेआउट, आर्डुइनो आणि जेएमआरआय

प्रश्न थोडक्यात असा: खानापूरला घरी एचओ मापाचा (खऱ्याच्या १/८७) मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे, लोंढा ते कॅसलरॉक आणि पुढच्या ब्रागांझा घाटाच्या धर्तीवर बांधलेला. आर्डुइनो मेगा २५६० हा बोर्ड, त्यावर रुळांना वीज देणारी मोटर शील्ड, आत डीसीसी-ईएक्स हा प्रोग्राम (डीसीसी म्हणजे रुळांतूनच इंजिनांना हुकूम पाठवण्याची डिजिटल पद्धत), आणि जुन्या विंडोज लॅपटॉपवर गाड्या चालवण्याचं सॉफ्टवेअर, जेएमआरआय. कधी सुरुवातीलाच जोडणी होत नाही, जेएमआरआयमधल्या पॅनेलप्रोच्या खिडकीत जोडणीचं नाव लाल दिसतं. कधी जोडणी होते, पण चढावर गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावला की पाच-दहा मिनिटांत संपर्क जातो. विंडोज नव्याने टाकून झालं, जेएमआरआय तीनदा काढून घातलं, केबलही बदलली. आता काय बघायचं?

तुमच्या वर्णनात दोन वेगळे बिघाड एकमेकांत मिसळले आहेत. सुरुवातीला जोडणीच न होणं हे बहुतेक वेळा ड्रायव्हर किंवा पोर्टच्या क्रमांकामुळे होतं आणि तासाभरात सुटतं. चालू गाडीत संपर्क तुटणं हे विजेचं दुखणं आहे. त्यासाठी विंडोज दहा वेळा टाकलं तरी फरक पडणार नाही, कारण बिघाड वायरीत, अ‍ॅडप्टरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये बसलेला असतो. दोन्हींवर एकाच वेळी हात घालू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

संपर्क तुटला त्या क्षणी इंजिन काय करत होतं?

सगळ्यात आधी हे बघा. या एका निरीक्षणाने अर्धा शोध संपतो. डीसीसीमध्ये वेगाचा हुकूम एकदा संगणकाकडून मेगाकडे गेला की पुढे मेगाच तो रुळांत पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. त्यामुळे संगणक गळाला आणि मेगाला स्वतःची वीज असली, तर इंजिन त्याच वेगाने चालत राहतं. असं झालं तर बिघाड लॅपटॉप आणि मेगा यांच्यामध्ये, म्हणजे यूएसबीत आहे. अशा वेळी विंडोज सहसा उपकरण निघाल्याचा आवाजही करतं आणि डिव्हाइस मॅनेजरमधून पोर्ट दिसेनासा होतो.

इंजिन थांबलं आणि थांबूनच राहिलं, तर मेगा रीसेट झाला आहे. रीसेटनंतर रुळांतली वीज बंद असते आणि हुकूम दिल्याशिवाय परत येत नाही. इंजिन क्षणभर थांबून आपोआप आधीच्याच वेगाने निघालं, तर मेगा शाबूत आहे, फक्त रुळांचा पुरवठा हुकला. घरात वीज जाऊन इन्व्हर्टर लागतो तेव्हा हे हमखास दिसतं. आणि इंजिन चालतंय, पोर्टही दिसतोय, पण जेएमआरआय बटणांना दाद देत नाही, असं असेल तर मदत मेनूतली सिस्टिम कन्सोलची खिडकी उघडून शेवटच्या दहा-पंधरा ओळी वाचा. पोर्टवर लिहिता आलं नाही की नुसतं उत्तर आलं नाही, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

यातून सुरक्षेचीही एक गोष्ट निघते. संगणक गेल्यावरही गाडी चालत राहू शकते, म्हणून रुळांच्या पुरवठ्यावर हाताजवळ एक साधं टॉगल स्विच असलंच पाहिजे. घाटाच्या उतारावर तीन इंजिनांची गाडी मोकाट सुटली तर माउस शोधत बसायला वेळ मिळत नाही.

जोडणीच होत नाही तेव्हा

जेएमआरआय बंद ठेवा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्टांची यादी समोर ठेवा आणि मेगाची केबल काढून परत लावा. यादीत एक नाव जाऊन-येऊन करायला हवं. काहीच हललं नाही तर केबल किंवा सॉकेट बघा. मेगाला प्रिंटरची चौकोनी केबल लागते आणि तिच्यात डेटाच्या तारा असतातच. पण नॅनो किंवा ईएसपी३२ हे छोटे बोर्ड वापरणाऱ्यांनी मोबाईलच्या केबलवर विश्वास ठेवू नये. पुष्कळ केबलींत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, दिवा लागतो आणि संगणकाला काही कळत नाही.

नावापुढे पिवळा त्रिकोण आला तर ड्रायव्हर नाही. मूळ मेगावर यूएसबीसाठी एटीमेगा१६यू२ चिप असते. बाजारातल्या स्वस्त मेगावर बहुधा सीएच३४० असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा लागतो. कधी ड्रायव्हर असतो, पोर्ट दिसतो, पण उघडत नाही, आणि विंडोजने आपणहून अद्ययावत केल्यानंतरच हे सुरू झालेलं असतं. तेव्हा गुणधर्मांच्या खिडकीत ड्रायव्हर मागे घेण्याचा, म्हणजे रोल बॅकचा पर्याय वापरा. जुन्या प्रोलिफिक चिपच्या यूएसबी-सीरियल केबलीवर 'कोड १०' आला तर कारण तेच: नवा ड्रायव्हर त्या जुन्या किंवा नकली चिपला नाकारतो. त्या केबलीशी झुंजण्यापेक्षा एफटीडीआय चिपची चांगली केबल घ्या.

सीएच३४०मध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो. म्हणून मेगा लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात लावला की विंडोज त्याला नवा कॉम क्रमांक देतं. काल कॉम ४ होता, आज कॉम ७, आणि जेएमआरआय बिचारं कॉम ४ शोधत बसतं. लाल अक्षरांचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. एक भोक ठरवा, त्यावर रंगीत पट्टी चिकटवा, कायम तिथेच लावा.

आता जेएमआरआय न उघडता मेगाशी थेट बोला. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला सीरियल मॉनिटर उघडा, वेग १,१५,२०० ठेवा. पोर्ट उघडताच बोर्ड रीसेट होतो आणि काही ओळी आपणहून पाठवतो. मग कोनी कंसांच्या आत इंग्रजी लहान 'एस' लिहून पाठवा. उत्तरात आवृत्ती, बोर्डाचं नाव आणि मोटर शील्डचं नाव आलं पाहिजे. चित्रविचित्र चिन्हं आली तर वेग चुकला आहे. शील्डचं नाव भलतंच आलं तर प्रोग्राम टाकतानाची निवड चुकली आहे. कंसात १ लिहून पाठवलं की रुळांत वीज येते, ० लिहून पाठवलं की जाते. इथपर्यंत नीट झालं, तर हार्डवेअरवरचा संशय सोडा आणि जेएमआरआयच्या जोडणीच्या पानावर उत्पादक, पोर्ट आणि वेग तपासा.

सीरियल मॉनिटर बंद करायला मात्र विसरू नका. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. मॉनिटर मागे उघडा राहिला तर जेएमआरआयला पोर्ट व्यस्त असल्याचं उत्तर मिळतं आणि माणूस पुन्हा ड्रायव्हरच्या मागे लागतो.

बोर्ड काहीच बोलत नसेल तर मेगाची रीसेट पिन ग्राउंडला जोडा, ० आणि १ क्रमांकाच्या पिना एका तारेने एकमेकींना जोडा आणि मॉनिटरमध्ये काहीही टाइप करून पाठवा. टाइप केलेलं जसंच्या तसं परत आलं तर केबल, चिप, ड्रायव्हर, पोर्ट हे सगळं ठीक, बिघाड आतल्या प्रोग्रामचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत सीएनसी यंत्रांना प्रोग्राम पाठवणाऱ्या मंडळींना ही युक्ती नवी नाही. आरएस-२३२च्या नऊ पिनी कनेक्टरवर २ आणि ३ जोडून तीच परीक्षा होते. त्या कामातला कोणी ओळखीचा असेल तर त्याला जरूर बोलवा. डेटा केबल आणि अर्थिंग यांचं भांडण तो रोज सोडवत असतो.

लिनक्स वापरत असाल तर दोनच गोष्टी. वापरकर्ता 'डायलआउट' गटात हवा, आणि गटात घातल्यावर एकदा लॉग-आउट करून परत यायला हवं. उबुंटू २२.०४वर ब्रेल पडद्यासाठीचा 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम सीएच३४०ला आपलं उपकरण समजून बळकावतो. ब्रेल पडदा वापरत नसाल तर तो काढून टाका. आणि विंडोज असो वा लिनक्स, जेएमआरआयच्या ५ मालिकेला किमान जावा ११ लागतो, तो जुन्या लॅपटॉपवर आहे ना ते बघा.

घाटात तुटतं त्याचं खरं कारण

ब्रागांझा घाटाचा चढ ३७ला १. लेआउटवर तोच ठेवला तर तीन मीटर धावेत गाडी आठ सेंटिमीटर चढते. एचओच्या मानाने हा कडक चढ आहे आणि म्हणूनच तुम्हाला बँकर लागतो. सपाटीवर एक इंजिन पाव ते अर्धा अँपिअर घेतं. चढावर तीन इंजिनं, त्यात आवाजाचे डीकोडर (इंजिनातला हुकूम ओळखणारा सर्किट-बोर्ड), डब्यांतले दिवे, हे सगळं मिळून दीड अँपिअरच्या वर सहज जातं. आर्डुइनो मोटर शील्डवरची एल२९८ चिप एका चॅनलला दोन अँपिअरची, आणि तिच्यात व्होल्टही बरेच मुरतात: एका अँपिअरला दोनेक व्होल्ट, पूर्ण भाराला त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे घाटात तुमची यंत्रणा काठावर चालते आणि एरवी लपलेला प्रत्येक दोष तिथे वर येतो.

पहिला दोष शील्डच्या पाठीवर शोधा. तिथे 'व्हीआयएन कनेक्ट' असं लिहिलेली छोटी पट्टी असते. ती कापलेली नसेल तर रुळांसाठी दिलेले १४-१५ व्होल्ट सरळ मेगात घुसतात. मेगाला ७ ते १२ व्होल्टच मानवतात. त्याहून जास्त दिले की त्याचा रेग्युलेटर तापतो, तापून तापून बंद पडतो, थंड झाला की सुरू होतो. 'पाच-दहा मिनिटांत जातं' या तुमच्या वाक्यामुळे मला याचाच दाट संशय आहे. सगळी वीज काढा, शील्ड उचला, ती पट्टी धारदार कटरने कापा, मल्टिमीटरने तुटली असल्याची खात्री करा. मग मेगाला ९ व्होल्ट १ अँपिअरचा स्वतंत्र अ‍ॅडप्टर आणि शील्डला रुळांचा वेगळा पुरवठा द्या. मेगाला केवळ यूएसबीवर जगवू नका, जुन्या लॅपटॉपच्या भोकातून ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त अपेक्षा नको. वायफायसाठी ईएसपी८२६६ जोडला असेल तर तो मेगाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर चालवू नका. ती पिन ५० मिलिअँपिअरची आहे आणि ईएसपी त्याच्या कितीतरी पट ओढतो.

दुसरा दोष जमिनीचा, आणि हा भल्याभल्यांना चकवतो. रुळांच्या पुरवठ्याचं ऋण टोक शील्डमधून मेगाच्या ग्राउंडला जोडलेलं असतं, तिथून यूएसबी केबलीतून लॅपटॉपच्या ग्राउंडला, आणि लॅपटॉपचा चार्जर तीन पिनी असला तर तिथून घराच्या अर्थिंगला. रुळांचा पुरवठाही अर्थिंगला जोडलेला असला की वर्तुळ पूर्ण होतं. सांध्याच्या फ्रॉगवर, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, चाक क्षणभर शॉर्ट झालं, ठिणगी उडाली, की त्या धक्क्याचा काही भाग या वर्तुळातून यूएसबीच्या तारेत शिरतो. यूएसबीची चिप गोंधळते आणि विंडोज पोर्ट बंद करतं. तीन इंजिनं म्हणजे फ्रॉगवरून जाणारी चाकं तिप्पट, धक्केही तितकेच जास्त.

परीक्षा अगदी सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर अर्धा तास घाटात गाडी चालवा. बिघाड नाहीसा झाला तर दोषी चार्जर-अर्थिंगची वाट आहे, यात शंका धरू नका. बॅटरी मेली असेल तर कोणाचा तरी लॅपटॉप तासभर मागून आणा, पण ही परीक्षा चुकवू नका.

दोन पिनी चार्जर असला तरी सुटका नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच गळती केबलीतून मेगापर्यंत जाते. आणि घराचं अर्थिंग नावापुरतं असेल तर प्रश्न वाढतो. चैत्र-वैशाखात जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलेलं नसेल तर त्याचा उपयोग उरत नाही. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक, पाचाच्या वर गेलं तर आधी अर्थिंग नीट करून घ्या. मुख्य विजेत स्वतः हात घालू नका.

लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर लेआउट असेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक रूळ आणि सांगाडा तपासा. कुठेही बीप वाजता कामा नये. एखादा स्क्रू रुळाला आणि अँगलला एकाच वेळी लागलेला असतो आणि सगळं घर त्या वर्तुळात ओढलं जातं.

उपाय स्वस्तापासून महागाकडे जाऊ द्या. यूएसबी केबल दीड मीटरपेक्षा लांब नको. मेगाच्या बाजूला फेराइटच्या कड्यातून तिचे तीन वेढे घ्या. रुळांच्या मुख्य वायरींपासून तिला दूर ठेवा आणि ओलांडणं भाग असेल तर काटकोनात ओलांडू द्या. रुळांची मुख्य वायर दीड चौरस मिलिमीटरची, दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून, आणि दर मीटरला अर्ध्या चौरस मिलिमीटरची जोडतार. मुख्य वायर लांबलचक असेल तर शेवटच्या टोकाला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ जोडून दोन तारांमध्ये लावा. रोधक दोन वॉटचा घ्या. पाव वॉटचा जळतो, कारण १५ व्होल्टच्या डीसीसीत त्याच्यावर पाऊण वॉटच्या आसपास उष्णता निघते. सांध्यांच्या डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, त्यांचा झटकाही यूएसबीला भोवतो.

एवढ्याने भागलं नाही तर यूएसबी आयसोलेटर. एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिपचा छोटा बोर्ड लॅपटॉप आणि मेगा यांच्यामध्ये बसतो, डेटा जातो पण ग्राउंड तुटतो. त्याच्यावर वेगाचा स्विच असेल तर 'फुल स्पीड'वर ठेवा. पलीकडे तो फार थोडी वीज देतो, म्हणून मेगाचा स्वतंत्र अ‍ॅडप्टर हवाच. माझं मत विचाराल तर घाटाचा लेआउट, जुना लॅपटॉप आणि भरवशाचं अर्थिंग नसलेलं घर, एवढं एकत्र आलं की आयसोलेटर पहिल्या दिवशीच घ्यावा.

विंडोजच्या बाजूने एकच गोष्ट. वीजबचतीच्या सेटिंगमध्ये यूएसबी 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या वीजव्यवस्थापनातली 'उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा. लॅपटॉप झोपणार नाही असं करा.

पोर्ट पुन्हा उघडताना मेगा रीसेट होऊन धावती गाडी थांबते. ते टाळायचं तर रीसेट आणि ग्राउंड यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावता येतो, धन टोक रीसेटकडे. नवा प्रोग्राम टाकताना मात्र तो काढावा लागतो.

सगळं जोडल्यावर लेआउटच्या सर्वात दूरच्या कोपऱ्यात दोन रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवा. यंत्रणेने ताबडतोब रुळांची वीज तोडली पाहिजे आणि जेएमआरआयशी संपर्क मात्र टिकला पाहिजे. वीज तुटली नाही तर वायरी बारीक आहेत. वीज तुटली पण संपर्कही गेला, तर ग्राउंडचं काम अजून बाकी आहे.

प्रोग्रॅमिंग रुळावरची चूक वेगळी ओळखा

प्रोग्रॅमिंग रूळ म्हणजे डीकोडरची सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीचा वेगळा रूळ. जेएमआरआयच्या डीकोडरप्रोमध्ये ३०६ ही चूक आली तर कमांड स्टेशनकडून (तुमच्याकडे मेगाकडून) वेळेत उत्तर आलं नाही, म्हणजे पुन्हा केबल-पोर्टकडे वळा. ३०८ आली तर संगणकाचा दोष नाही, इंजिनाने होकार दिलेला नाही. डीकोडरचा होकार म्हणजे सहा मिलिसेकंदांसाठी किमान ६० मिलिअँपिअरचा जादा ओढा. रूळ किंवा चाकं मळली असतील तर तो पोचत नाही. खानापूरच्या पावसात रुळांवर आणि शील्डच्या पिनांवरही ओलाव्याची पुटं चढतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसा, शील्ड एकदा काढून परत दाबून बसवा, आणि मग सीव्ही ८ (डीकोडरच्या उत्पादकाचा क्रमांक) वाचून बघा.

मेगाऐवजी लोकोनेट किंवा झेड२१ या तयार डीसीसी यंत्रणा वापरणाऱ्यांसाठी थोडंसं. लोकोनेटची केबल सहा तारांची सरळ लागते, टेलिफोनची चार तारांची किंवा उलटी केलेली वापरू नका. झेड२१चा मूळ पत्ता १९२.१६८.०.१११ आणि यूडीपी पोर्ट २११०५. संगणकाचा पत्ता त्याच घराण्यातला नसेल तर दोघे एकमेकांना दिसणार नाहीत. फोनवरून गाडी चालवताना जेएमआरआयचा सर्व्हर १२०९० पोर्टवर असतो, विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्याला वाट द्या आणि वायफाय 'खासगी' म्हणून नोंदवा.

वळीव गडगडायला लागला की चार्जर, दोन्ही अ‍ॅडप्टर आणि यूएसबी केबल, सगळं उपसून ठेवा. आयसोलेटर विजेच्या कडकडाटापासून वाचवत नाही.

पट्टी कापून आणि बॅटरीवर चालवून बघितल्यावरही तुटत असेल तर पुढच्या वेळी एवढं कळवा: तुटल्यावर इंजिन चाललं की थांबलं, मेगाचा रेग्युलेटर बोटाला किती गरम लागतो, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज किती आलं, चढावर रुळांत किती अँपिअर जातात, आणि सिस्टिम कन्सोलच्या शेवटच्या वीस ओळी.